मापकात ८२ मिलिमीटर, रानात चार बोटं ओल

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावात पेरणीपूर्व बैठक होती. पाऊसमान बदललंय का आणि बदललं असेल तर सोयाबीनचं काय करायचं, एवढाच विषय. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर सकाळी साडेआठला २४ तासांची नोंद निघाली ८२ मिलिमीटर. सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर झाल्यावरच पेरावं, अशी शिफारस आहे. म्हणजे तरुण पोरं पेरणीची तिफण काढायच्या तयारीत. म्हातारी माणसं मात्र म्हणत होती, "पाऊस झालाच न्हाई."

एका मावशींनी वाद घातला नाही. बैठकीलगतच्या उताराच्या रानात खुरप्यानं खड्डा घेतला. वर चिखल, चार बोटांखाली कोरडी भुरभुर. "इतभर ओल न्हाई, पेरता कशाला?"

दोघांचंही खरं होतं. सगळा पाऊस दीड तासात कोसळला. थेंबांच्या माऱ्यानं वरची बारीक माती बसली, पापुद्रा धरला आणि उरलेलं पाणी ओढ्याला गेलं. गंमत म्हणजे २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की सरकारी निकषात ती अतिवृष्टी. "पाऊस कमी झाला" असं लोक म्हणतात तेव्हा ते बेरीज सांगत नसतात. ओल किती खोल गेली आणि दोन पावसांत खंड किती पडला, ते सांगत असतात. विहीर आटली म्हणजे पाऊस घटला, हा दाखला मात्र जपून घ्यावा. बोअर वाढले, ऊस आला. पाणी खोल जाण्याचा सगळा दोष आभाळावर टाकता येत नाही.

ओल मुरवायची तर रुंद वरंबा-सरी, म्हणजे बीबीएफ. वरंब्यावर चार ओळी, दोन्ही बाजूंनी सरी: खंडात ओल धरते, झोडपला तर जादा पाणी काढते. बी तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली नको, पापुद्रा फोडून मोड वर येत नाही. घरचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. ७० उगवले तर नेहमीच्या पद्धतीनं एकरी ३० किलो, ६० उगवले तर ३५; त्याखाली ते बी पेरूच नये.

बीबीएफ फसतं ते बहुतेक एकाच जागी. सऱ्या उताराला आडव्या हव्यात. रानाची लांबी उताराच्या दिशेनं असली की ट्रॅक्टरवाला त्याच दिशेनं सऱ्या पाडतो, कारण वळणं कमी, डिझेल कमी. मग त्याच सऱ्या पहिल्या झोडपणीत घळी होतात, माती बियासकट खाली. बैठकीत सगळ्यात जास्त वेळ यावरच गेला: आडव्या पेरणीचा एकरी दर किती वाढवून द्यायचा. दर ठरला, पेरणी मात्र पुढच्या पावसावर ढकलली. तिफणी परत गोठ्यात गेल्या.