मामांचा रिपोर्ट

आज पहाटेच्या एसटीनं मामांना घेऊन संभाजीनगरला गेलो, बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला. कानाखालची गाठ दोन वर्षांपासून होती पण दुखत नव्हती, गावाकडं कुणी दाढेची सूज म्हणलं कुणी हळद-चुना लाव म्हणलं, एका डॉक्टरनी तर तीनदा अँटिबायोटिक दिली. मग चहा पिताना तोंडाच्या एका बाजूनं सांडायला लागला तवा कुठं घाबरलो.

नाव लई अवघड, अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर. मामा म्हणले, मी तर सुपारीसुद्धा खात नाही! डॉक्टर म्हणले याचा तंबाखूशी तसा संबंध नसतो. कागदावर चित्र काढून दाखवलं, चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते अन हा आजार नसेच्या कडेकडेनं सरकतो म्हणून तोंड वाकडं झालं. वाढतो हळू पण दहा-पंधरा वर्षांनी पण फुफ्फुसात निघू शकतो म्हणे, म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत. आधी ऑपरेशन मग रेडिएशन, त्याच्याआधी दातसुद्धा दाखवून घ्यायचे (हे मला नवीनच होतं).

रेडिएशन सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस म्हणल्यावर मामा गप्पच झाले. परत येताना एसटीत जालना मागं पडल्यावर हळूच म्हणले, "भाच्या, मग कापूस कोण वेचून घेईल रे?"