तुम्ही विचारलंत म्हणून: मलेशियात केशवानंद का घडलं नाही?

मलेशियातल्या १९८८च्या न्यायालयीन संकटाचा, म्हणजे सरकारने वरिष्ठ न्यायाधीशांना निलंबित करून काढलं त्या प्रकरणाचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच. दंडसंहिता आपल्याच आयपीसीवरून घेतलेली, पुरावा कायदाही आपलाच, घटनेचा मसुदा करणाऱ्या रीड आयोगावर अलाहाबाद हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक. मग केशवानंद भारतीसारखा निकाल (संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही, असं सांगणारा आपल्या सुप्रीम कोर्टाचा १९७३चा निकाल) तिकडे का नाही? प्रश्नामागे एक न बोललेलं वाक्यही असतं: आपले न्यायाधीश ताठ राहिले, त्यांचे वाकले. त्या वाक्याची चीड येते, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, केशवानंद तिकडे पोचलं होतं. १९७७ साली लोह कूई चून खटल्यात फेडरल कोर्टापुढे (तिकडचं सर्वोच्च न्यायालय, १९८८ मध्ये त्याचंच नाव सुप्रीम कोर्ट होतं) मूलभूत चौकटीचा युक्तिवाद झाला आणि नाकारला गेला. १९८० मध्ये फांग चिन हॉक खटल्यात पुन्हा तेच. लॉर्ड प्रेसिडेंट, म्हणजे तिकडचे सरन्यायाधीश, सफियान यांचं म्हणणं असं की भारताची घटना भारतीयांच्या संविधान सभेने केली, मलायाची ब्रिटिश आणि मलायन यांनी मिळून. तेव्हा भारतातलं तत्त्व जसंच्या तसं उचलता येणार नाही. पटो न पटो, तो विचारपूर्वक दिलेला नकार होता. त्याला भित्रेपणा म्हणता येत नाही.

एके काळी या प्रश्नाला माझं उत्तर दोन शब्दांचं असे: कलम १२१. संघराज्याची न्यायिक सत्ता न्यायालयांकडे राहील, असं मलेशियाच्या घटनेचं हे कलम म्हणत होतं. मार्च १९८८ मध्ये संसदेने ते शब्द काढले आणि संघीय कायदा देईल तेवढेच अधिकार न्यायालयांना, असा मजकूर घातला. निमित्त होतं याप पेंग खटल्याचं. खटले वरच्या कोर्टात खेचून नेण्याचा ॲटर्नी जनरलचा अधिकार, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४१८अ, सुप्रीम कोर्टाने ३ विरुद्ध २ मतांनी रद्द केलं होतं. सरकारच्या बाजूने पडलेल्या दोन मतांपैकी एक खुद्द लॉर्ड प्रेसिडेंट सालेह अबास यांचं होतं. पुढे सरकारने त्यांनाच घालवलं.

पण १२१ बदललं म्हणून कोर्ट पडलं, हे उत्तर तारखांपुढे टिकत नाही. दुरुस्ती १० जूनला लागू झाली आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी पाच न्यायाधीश सरकारच्या वाटेत उभे राहिले.

मुळात भांडण एका पक्षाचं होतं. एप्रिल १९८७ मध्ये उम्नो या सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पंतप्रधान महाथिर ७६१ विरुद्ध ७१८ मतांनी, म्हणजे ४३ मतांनी जिंकले. हरलेला गट कोर्टात गेला. काही शाखा नोंदणीकृत नव्हत्या, म्हणून हायकोर्टाने ४ फेब्रुवारी १९८८ रोजी अख्खा उम्नो पक्षच बेकायदा ठरवला. अपील सालेह यांनी नऊ न्यायाधीशांपुढे १३ जूनला लावलं. मेच्या अखेरीस ते निलंबित झाले. आरोपांच्या मुळाशी होतं राजाला आणि सुलतानांना लिहिलेलं एक पत्र आणि काही भाषणं. पंतप्रधानांच्या न्यायसंस्थेवरील टीकेची तक्रार त्या पत्रात होती.

आता न्यायाधीशांना पदावरून काढण्याचं कलम १२५ पाहा. पंतप्रधानांनी राजाला कळवायचं, राजाने किमान पाच जणांचं न्यायाधिकरण नेमायचं, दरम्यान निलंबन. आपल्याकडे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि त्या मार्गाने आजवर एकही न्यायाधीश गेलेला नाही. तिकडे न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले हमीद ओमर. सालेह गेल्यावर त्यांची खुर्ची यांनाच मिळणार होती, आणि ते पत्र ज्या बैठकीत ठरलं तिला हे स्वतः हजर होते. सालेह यांनी उघड सुनावणी मागितली, ती मिळाली नाही. मग ते न्यायाधिकरणापुढे गेलेच नाहीत.

२ जुलै, शनिवार. अहवाल राजाकडे जाऊ नये म्हणून सालेह यांचे वकील हायकोर्टात होते आणि सुनावणी सोमवारवर ढकलली गेली. सोमवारपर्यंत अहवाल गेला, तर मनाई मागायला काहीच उरत नव्हतं. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे पाच न्यायाधीश बसले: वान सुलेमान, जॉर्ज सिया, अझमी कमरुद्दीन, युसूफ अब्दुलकादर आणि वान हमझा. पुढील हुकूम होईपर्यंत न्यायाधिकरणाने शिफारस सादर करू नये, असा मनाई हुकूम त्यांनी दिला. चार दिवसांनी, ६ जुलैला, पाचही निलंबित. मनाई हुकूम उठवला गेला. ऑगस्टच्या सुरुवातीला सालेह बडतर्फ झाले आणि ९ तारखेला उम्नोचं अपील फेटाळलं गेलं, नऊ नव्हे, पाच न्यायाधीशांपुढे. ऑक्टोबरमध्ये वान सुलेमान आणि सिया यांनाही काढलं. उरलेले तिघे परत घेतले.

शेवटच्या अपिलासाठी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जायचा रस्ता १ जानेवारी १९८५ पासून बंद होता. बाहेरचं कोर्ट उरलं नव्हतं.

म्हणून 'वाकले' म्हणू नका. हे लिहितानाच कबूल करायला हवं की निलंबितांच्या जागांवर बसायला न्यायाधीश मिळाले, आणि ते कोणी सक्तीने आणून बसवलेले नव्हते. कलम १२५ने रस्ता दिला. त्यावरून चालणारी माणसं कोर्टातलीच होती. आपलं पारडं जड करायलाही हात आखडतो. केशवानंदच्या निकालापाठोपाठ शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले, आणि तीनच वर्षांत जबलपूर खटल्याचा निकाल आला: आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्याला कोर्टात दाद मागता येणार नाही.

मूलभूत चौकट तिकडे उशिरा आली. २०१७चा सेमेन्यिह जया आणि २०१८चा इंदिरा गांधी खटला (इपोहच्या एका हिंदू आईचा, मुलांच्या एकतर्फी धर्मांतराविरुद्धचा, नावावर जाऊ नका) यांत फेडरल कोर्टाने न्यायिक सत्ता हा घटनेचा पायाच असल्याचं म्हटलं. २०२१ मध्ये मारिया चिन खटल्यात बहुमताने वेगळा सूर लावला. १२१ मधून काढलेले शब्द परत आलेले नाहीत. आणि १२५च्या वाटेत १९९४ साली बडतर्फीचं आणखी एक कारण जोडलं गेलं: आचारसंहितेचा भंग.