यालूखालची पाइपलाइन

उत्तर कोरियाने क्षेपणास्त्र सोडलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : चीनने मनात आणलं तर आठवड्यात हा प्रकार बंद होईल. ते अर्धंच खरं आहे. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलेल्या मालाचं काय होतं, हे गोव्यातल्या खाणपट्ट्यातल्या, डिचोली-सांग्याच्या लोकांना कोणी शिकवायला नको. आपलं कमी प्रतीचं लोहखनिज उचलणारे चिनीच होते. उत्तर कोरियाचं तर सगळंच तसं. त्याच्या परदेशी व्यापारातला 90 टक्क्यांहून जास्त वाटा एकट्या चीनचा.

पण गिऱ्हाइकाचेही हात कुठेतरी अडकलेले असतात. तेलाचंच बघा. चीनच्या दांडोंगजवळून, सरहद्दीवरच्या यालू नदीखालून सुमारे 30 किलोमीटरची पाइपलाइन पलीकडच्या पोंगह्वा रिफायनरीला कच्चं तेल पोचवते. त्यातल्या, चीनमधल्या दाछिंग तेलक्षेत्राच्या तेलात मेणाचं प्रमाण फार. थंडीत प्रवाह थांबला तर मेण आतल्या बाजूला थिजतं, आणि नळी पुन्हा मोकळी करणं म्हणजे मोठं खर्चाचं काम. त्यामुळे हा व्हॉल्व्ह हवा तेव्हा बंद, हवा तेव्हा चालू असा नाही. बीजिंगला ही अडचण सोयीचीही आहे, हा भाग वेगळा.

डिसेंबर 2017 च्या सुरक्षा परिषदेच्या 2397 क्रमांकाच्या ठरावात हेच दिसतं. उत्तर कोरियाला पुरवायच्या शुद्ध केलेल्या तेलाची मर्यादा वर्षाला 20 लाख बॅरलवरून 5 लाखांवर आणली. टनाला साडेसात-आठ बॅरल धरले तर साधारण 65 हजार टन. कच्च्या तेलाची मर्यादा मात्र 40 लाख बॅरल, म्हणजे 5,25,000 टन. पाइपलाइनमधून आधीच जेवढं जात असल्याचा अंदाज होता, जवळपास तेवढीच! वर चिनी कस्टम्सच्या आकड्यांत 2014 पासून उत्तर कोरियाला गेलेलं कच्चं तेल शून्य दाखवतात. म्हणून मासिक व्यापाराचे आकडे वाचताना तेलाचा रकाना सोडून द्यावा.

बीजिंग पिळतं ते कोळशापासून. नोव्हेंबर 2016 च्या ठरावाने उत्तर कोरियाच्या कोळशाची निर्यात वर्षाला 75 लाख टनांवर बांधली. फेब्रुवारी 2017 मध्ये चीनने वर्ष संपेपर्यंत आयातच थांबवली. ऑगस्टमध्ये कोळसा, लोहखनिज आणि मासळीवर पूर्ण बंदी आली, सप्टेंबरच्या सहाव्या अणुचाचणीनंतर कापडावर. या सगळ्या ठरावांवर चीनने होकाराचं मत दिलं. सत्तेवर आल्यापासून पहिल्यांदाच किम जोंग उन मार्च 2018 मध्ये देशाबाहेर पडले, आणि गेले बीजिंगला. जूनमध्ये ट्रम्पना भेटायला सिंगापूरला उतरले ते एअर चायनाच्या विमानातून. भेट अमेरिकेशी, विमान चीनचं.

गळती समुद्रात होते. बार्जीतून मुरगावबाहेर उभ्या मोठ्या जहाजात खनिज चढवणं आपल्याकडे उघड, कायदेशीर काम. पूर्व चीन समुद्रात हेच काम टँकरला टँकर लावून, ओळख सांगणारा एआयएस बंद करून चालतं. ऑक्टोबर 2017 मध्ये हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या टँकरने असंच 600 टन तेल उत्तर कोरियाच्या जहाजात सोडलं; पुढे दक्षिण कोरियाने तो योसू बंदरात अडकवला. गोव्याच्या तारवटींना, म्हणजे बोटीवरच्या खलाशांना, एवढं ठाऊक असतंच : एआयएस मालकाच्या सांगण्यावरून बंद झाला, तर कागदोपत्री जबाबदार कप्तान.

बँकेचा चिमटा याहून लवकर बसतो. मकावचा कारभार 1844 पर्यंत गोव्याहून चालायचा. तिथल्या बांको डेल्टा आशिया या बँकेवर अमेरिकेने सप्टेंबर 2005 मध्ये बोट ठेवलं. उत्तर कोरियाचे सुमारे अडीच कोटी डॉलर अडकले. रक्कम किरकोळ, पण इतर बँका डॉलरच्या व्यवहाराला मुकण्याच्या भीतीने मागे सरल्या. प्योंगयांगने अण्वस्त्रांवरची सहा देशांची बोलणी अडवली आणि 9 ऑक्टोबर 2006 ला पहिली अणुचाचणी केली. 2007 मध्ये पैसे मोकळे करायचं ठरलं, तर घ्यायला बँक मिळेना; बँक ऑफ चायनानेही नको म्हटलं. शेवटी ते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधून रशियामार्गे गेले.

मग चीन शेवटचा फास का आवळत नाही? सरहद्द सुमारे 1,400 किलोमीटरची, राज्य कोसळलं तर लोंढे तिथूनच येणार. दक्षिण कोरियात 28,500 अमेरिकी सैनिक आहेत, मधला उत्तर कोरियाचा आडोसा गेला तर ते यालूपर्यंत येतील ही जुनी धास्ती. शिवाय 1961 चा परस्पर मदतीचा करार 2021 मध्ये पुढे वाढवलेला. अण्वस्त्रं बीजिंगला नको आहेत, पण कोसळलेला शेजारी त्याहून नको. आणि दाब फक्त उत्तरेवरच येतो असं समजू नका : थाड क्षेपणास्त्र यंत्रणा बसवली म्हणून 2017 मध्ये चीनने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या सहली रोखल्या होत्या.

आता दुसरा नळही आला आहे : रशिया. मे 2022 मध्ये नव्या निर्बंधांवर चीन आणि रशियाने मिळून नकाराधिकार वापरला. मार्च 2024 मध्ये निर्बंधांवर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञ पथकाची मुदतवाढ रशियाने एकट्याने अडवली, चीन तटस्थ राहिला. 30 एप्रिलला पथक संपलं. 5 लाख बॅरलची मर्यादा अजून लागू आहे. मोजायला 11 देशांनी त्याच वर्षी स्वतःचं पथक उभं केलं, त्यात चीन नाही.