सीएम-१ : पुस्तक मागून उघडायचं

रविवार, परीक्षेला १६ आठवडे

सीएम-१ म्हणजे अ‍ॅक्च्युअरी (विम्याची जोखीम मोजणारा) होण्याच्या परीक्षांतला विमा आणि व्याजाच्या गणिताचा विषय; एक पेपर लेखी, एक एक्सेलवर. नोकरी सांभाळून आठवड्यातले चार दिवस दीड-दीड तास, आणि शनिवार-रविवार मिळून सहा तास. झाले १२. सोळा आठवड्यांचे १९२. यापेक्षा जास्त धरायचे नाहीत. लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचलेलं पानही यात मोजायचं नाही, कारण सीएम-१ वाचून येत नाही, सोडवून येतं.

२०१९ च्या अभ्यासक्रमातली वाटणी समोर मांडली: डेटा आणि मॉडेलिंग १० टक्के, व्याजदरांचा सिद्धांत २०, मूल्य-समीकरणं १५, एकाच कारणाने गळतीची (मृत्यूसारख्या कारणाने पॉलिसी संपण्याची) मॉडेल्स १०, अनेक कारणांची आणि दोन जीवांची १०, आणि प्रीमियम व रिझर्व्ह (पुढच्या दाव्यांसाठी राखायची रक्कम) ३५. व्याजाचे दोन भाग मिळून ३५, आणि पुस्तकाच्या शेपटाकडचा एकटा भागही ३५. पहिला ३५ जवळजवळ प्रत्येकाचा होतो, कारण तो पहिल्या पानापासून सुरू होतो आणि कॉमर्सवाल्यांना ओळखीचा वाटतो. त्यावर सहा-सात आठवडे सहज जातात. शेवटचा ३५ परीक्षेच्या पंधरा दिवस आधी हाताला लागतो, एकदाच वाचून होतो आणि पेपरात तेरा-चौदा गुणांचा प्रश्न होऊन समोर उभा राहतो.

म्हणून तासांची वाटणी अशी: व्याज आणि समीकरणं ४०, गळतीची मॉडेल्स ३५, प्रीमियम-रिझर्व्ह ६०, एक्सेलचा पेपर २२, जुने पेपर ३०, मॉडेलिंगची व्याख्यावजा प्रकरणं ५. ती पाच शेवटच्या आठवड्यात. आत्ता पाठ केली तर तोवर उडून जातील.

बुधवार, १३ आठवडे

व्याजाचे ४० तास संपण्याची वाट न पाहता एकीकडे टेबल्सचं पुस्तक हाताळायला घेतलेलं बरं. एएम-९२ चं, म्हणजे वयानुसार मृत्यूदरांचं, टेबल वाचताना होणारी चूक गणिताची नसते, डोळ्याची असते. सिलेक्ट काळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर वेगळे दर लागण्याचा काळ, दोन वर्षांचा. ४० व्या वर्षी पॉलिसी घेतलेल्याचा पहिल्या वर्षाचा दर ४० च्या ओळीत, सिलेक्टच्या रकान्यात. दुसऱ्या वर्षाचा दर त्याच ओळीत शेजारी नाही; तो ४१ च्या ओळीत, मधल्या रकान्यात. ओळी त्या त्या वर्षीच्या वयाच्या आहेत, पॉलिसी घेतली त्या वयाच्या नाहीत. म्हणजे नजर तिरकी खाली उतरते: ४० चा पहिला, ४१ चा दुसरा, ४२ चा तिसरा रकाना, आणि पुढे सरळ खाली. पाचव्या वर्षाअखेरचा रिझर्व्ह काढताना ४५ चं साधं मूल्य घ्यायचं. तिथेही सिलेक्टची खूण असलेला चौकटी कंस लावून सिलेक्टचं मूल्य उचलणारे पुष्कळ.

शनिवार, १० आठवडे

आजचे तीन तास एकाच आकड्याला: १.९२३०८ टक्के. जुने पेपर चाळले की हा विचित्र बोनसदर (विमा रकमेत दरवर्षी पडणाऱ्या भरीचा दर) पुन्हा पुन्हा भेटतो. नवखा माणूस बिचकतो, पण यात मुद्दाम केलेली सोय आहे. व्याज ६ टक्के असेल तर १.०६ भागिले १.०१९२३०८ म्हणजे बरोबर १.०४. चक्रवाढ बोनस व्याजात जिरतो आणि ४ टक्क्यांचं छापील टेबल थेट वापरता येतं.

गुण जातात ते याच्या पुढे. बोनस वर्षाच्या सुरुवातीला जमा होत असेल तर विमा रक्कम गुणिले ४ टक्क्यांचं मूल्य, काम संपलं. वर्षाअखेरीस जमा होत असेल, तर मृत्यूच्या वर्षाचा बोनस मिळत नाही, म्हणून मृत्यूच्या भागाला १.०१९२३०८ ने भागायचं. पण एंडोमेंटमध्ये, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला किंवा मुदत पुरी झाली तरी पैसे देणाऱ्या पॉलिसीत, मुदतपूर्तीला सगळे बोनस मिळालेले असतात, तो भाग भागायचा नाही. टेबलात एंडोमेंटचं मूल्य एकगठ्ठा छापलेलं असतं. सवयीने तेच अख्खं भागलं की उत्तर चुकलं. आधी मुदतपूर्तीचा भाग वजा करून टर्मचा, म्हणजे फक्त मृत्यूचा, वेगळा काढायचा.

दावा मृत्यूनंतर लगेच देय असेल तर आणखी एक गुणक, १.०६ चं वर्गमूळ, साधारण १.०२९६. तोही फक्त मृत्यूच्या भागाला. आणि वर्गमूळ १.०६ चंच, १.०४ चं नाही: अर्धं वर्ष आधी पैसे द्यावे लागतात ते खऱ्या व्याजाने, बोनस मात्र वर्षातून एकदाच येतो. प्रीमियमची अ‍ॅन्युइटी, म्हणजे दरवर्षी येणाऱ्या हप्त्यांचं आजचं मूल्य, तीही ६ टक्क्यांनी. म्हणजे एकाच समीकरणात दोन दर. प्रत्येक पदाखाली बारीक अक्षरात दर लिहायची सवय लागेपर्यंत असे दहा प्रश्न सोडवायचे. पंधरा नकोत, अकराव्यापासून हात यंत्रासारखा चालतो आणि डोकं झोपतं.

मंगळवार, ८ आठवडे

दोन जीवांच्या अ‍ॅन्युइटी. ठीक. आकृती काढली की निम्मं काम होतं.

रविवार, ६ आठवडे

प्रॉफिट टेस्ट, म्हणजे पॉलिसीचा वर्षवार नफा मांडणं. हा प्रश्न कागदावर आणि एक्सेलवर, दोन्हीकडे येऊ शकतो, म्हणून इथे घातलेला तास दोनदा उपयोगी पडतो. रकान्यांचा क्रम कायमचा ठरवून टाकावा: वर्ष, सुरुवातीचा रिझर्व्ह, प्रीमियम, खर्च, व्याज, मृत्यूचे दावे, मुदतपूर्ती, अखेरचा रिझर्व्ह, नफा. व्याज पहिल्या तीन पैशांवर, म्हणजे रिझर्व्ह अधिक प्रीमियम वजा खर्च. दावा वर्षाअखेरीस देय असेल तर त्यावर व्याज नाही. अखेरचा रिझर्व्ह जगण्याच्या शक्यतेने गुणायचा, कारण तो हयात पॉलिसीसाठीच लागतो.

एवढं केल्यावर मिळणारा नफा त्या वर्षाच्या सुरुवातीला चालू असलेल्या पॉलिसीमागचा असतो. पहिल्या दिवशी विकलेल्या पॉलिसीमागचा काढायला सुरुवातीपर्यंत टिकण्याची शक्यता लावावी लागते: चौथ्या वर्षाला तीन वर्षांची. चार वर्षांची लावणं ही इथली नेहमीची चूक. आकडा थोडाच हलतो, म्हणून ताळा करतानाही लक्षात येत नाही.

२०१९ च्या अभ्यासक्रमात एक्सेलच्या पेपरला ३० टक्के वजन आणि पावणेदोन तास होते. तिथे गृहीतकं एका कोपऱ्यात, नाव घालून, सूत्रात ०.०६ असा आकडा टाइप करायचा नाही, आणि त्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह. ते विसरलं की सूत्र खाली ओढताना व्याजदराचा पत्ताही घसरतो आणि पुढच्या वर्षांना चुकीचा किंवा रिकाम्या खणातला शून्य दर लागतो. प्रीमियम काढायला गोल सीक (हवं ते उत्तर देणारा आकडा शोधणारं एक्सेलचं साधन) चालतं. मात्र आधीची गृहीतकं बदलली की ते आपोआप पुन्हा चालत नाही, हाताने चालवावं लागतं.

शुक्रवार, ४ आठवडे

जुने पाच पेपर, प्रत्येकाला सहा तास: सव्वातीन सोडवायला, पावणेतीन तपासायला. २०१९ च्या पद्धतीप्रमाणे लेखी पेपरात १०० गुणांना १९५ मिनिटं, म्हणजे गुणामागे दोन मिनिटांना किंचित कमी. १४ गुणांच्या प्रश्नाला २७ मिनिटं. तिसाव्या मिनिटाला तो तसाच सोडून पुढे जायचं. अर्धवट उत्तरातही समीकरण शब्दांत लिहिलेलं असेल तर पायऱ्यांचे गुण मिळू शकतात, नुसत्या कॅल्क्युलेटरच्या आकड्याला नाहीत. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या जुन्या पेपरांसोबत नमुना उत्तरं मिळतात. ती उत्तर जुळलं का बघायला वापरली जातात. खरी वापरायची ती गुण कोणत्या ओळीला दिलेत हे बघायला.

चुकांच्या वहीत तीनच रकाने: पद चुकलं, टेबल चुकलं, वेळ संपला. पहिल्या पेपरनंतर ‘टेबल’खाली पाच खुणा पडल्या असतील, तर उद्याचे तीन तास दुसऱ्या पेपरला नाहीत, एएम-९२ ला.