एक्क्याऐंशीचे अठरा

सरकारला प्रतिवादी करायचं तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि दोन महिने थांबावं लागतं. आम्ही थांबलो. नोटिशीला उत्तर आलं नाही, ते सहसा येतच नाही. एवढं करून कोर्टात आणलेलं सरकार माझ्या दाव्यातून बाहेर पडायला त्या दिवशी जेमतेम दहा मिनिटं लागली.

माझ्या अशिलांना मी काकूच म्हणते. जमिनीच्या गटाचं एकूण क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, आर म्हणजे साधारण गुंठा. निम्मं काकूंचं, निम्मं दिराचं. अतिवृष्टीचं अनुदान आलं ते अठरा गुंठ्यांचं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा शंका आली. सातबारा काढला तर काकू ०.१८ हेक्टर, दीर १.४४.

हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना कुणीतरी ८१ चे १८ केले. इथपर्यंत मी समजू शकते, हजारो पानं टाइप करताना बोट चुकतं. पण मग बेरीज जुळेना. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली नाही की तो सातबारा त्रुटींच्या अहवालात येतो, आणि 'तुमच्या सज्जाचे (तलाठ्याच्या हद्दीचे) अजून इतके बाकी' म्हणून तलाठ्यामागे वरून तगादा लागतो. मग तो निकाली काढण्यासाठी कुणीतरी कमी पडणारे ६३ आर दिराच्या खात्यात टाकले. झाली बेरीज बरोबर, त्रुटी निरंक! या बदलामागे फेरफार, म्हणजे हक्कबदलाची रीतसर नोंद नाही, ना खरेदी, ना वाटप, ना वारस. मशीनला न जुळणारी चूक दिसते. जुळवून घेतलेली चूक तिच्या लेखी चूकच नसते.

२०१७ साली गावोगाव चावडीवाचन झालं, लोकांनी ऐकून हरकती घ्याव्यात म्हणून. काकू त्या दिवशी दुसऱ्याच्या रानात खुरपत होत्या.

जुनं पान मी तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधलं. तीन फेऱ्या, आणि गठ्ठा निघाला तो भलत्याच गावाच्या कपड्यात बांधलेला. कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई निळी. काकूंच्या नवऱ्याच्या नावापुढे ०-८१. आठाच्या शेपटाशी शाई थोडी फुटली होती, पण कोणत्याही बाजूनं धरा, एक्क्याऐंशीच. नक्कल हातात पडली तेव्हा मला वाटलं, जिंकलो.

तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज केला. लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्त करण्याचं हे कलम, आणि याहून सरळ लेखनप्रमाद मी पाहिलेला नाही. पण मधल्या काळात दीर वारले होते, त्यांच्या मुलानं १.४४ वर गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज उचललं होतं, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात त्या कर्जाचा बोजा चढला होता. आदेश आला : त्रयस्थाचे हितसंबंध निर्माण झाले आहेत, दिवाणी न्यायालयात दाद मागावी. कारकुनानं नंतर हळूच सांगितलं, "मॅडम, साहेबांची बदली जवळ आलीय, कशाला ओढवून घेतील?"

म्हणून दिवाणी न्यायालय. तिथे सरकारी वकील उठले. सज्जन माणूस, आवाजही चढवत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५८ : अधिकार अभिलेखात नोंद घ्या, वगळा किंवा दुरुस्त करा, असा दावा राज्य सरकारवर किंवा त्याच्या अधिकाऱ्यावर चालत नाही. त्याच्या वरचंच कलम १५७ म्हणतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची. हाताने लिहिणाऱ्या तलाठ्यासाठी केलेली ही जोडी कुणी न बदलता संगणकालाही मिळाली.

मी म्हटलं, नोंदीचं सोडा, मी नुकसानभरपाई मागतेय. त्यावर त्यांनी १९६४ चा कस्तुरीलालचा निकाल काढला. मेरठला १९४७ साली पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं जप्त केलं, मालखान्याचा, म्हणजे जप्त माल ठेवायच्या कोठाराचा हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे सार्वभौम काम, म्हणजे राज्यसत्तेनंच करायचं काम, सरकार जबाबदार नाही. नंतरच्या निकालांनी त्याची धार बरीच बोथट केली आहे. ते मी दाखवलं. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, हा मुद्दा अपिलात वर गेला तर तुमचा मूळ दावा किती वर्षं अडकेल?"

बाहेर बाकावर काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वकीलबाई, भरपाई ऱ्हाऊ द्या. माझं रान माझ्या नावावर करा." मी पुरसिस, म्हणजे सरकारविरुद्धची मागणी सोडल्याचं कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, लिहिली, त्यांनी अंगठा दिला, सरकार दाव्यातून कमी झालं. ती पुरसिस मी का दिली, हे अजून मनातून जात नाही. ज्येष्ठ वकील म्हणतात, तूच शहाणपणा केलास. असेल.

उरले प्रतिवादी दोन, पुतण्या आणि सोसायटी. पुतण्या त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. "काकू, मी काय खोडलं नाय. छापूनच तसं आलं," तो म्हणाला. काकू त्याच्याकडे बघेनात. मला त्याचं खरं वाटतं, पण उलटतपासणीत मी त्यालाच धरणार आहे, कारण धरायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

पुढच्या तारखेला तेव्हाच्या तलाठ्याला समन्स काढलंय, साक्षीदार म्हणून. फोनवर तो आधीच सांगून मोकळा झाला : "सही माझी आहे मॅडम, टायपिंग माझं नाही."