हंगाम संपला, तरी झोपेत दात खाणे थांबले नाही

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी निर्यातीची कागदपत्रे पाहतो. रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश किती, याचा अहवाल) वेळेत आला का, पॅकिंग लिस्टवरचे वजन आणि फायटो प्रमाणपत्रावरचे (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या सरकारी दाखल्यावरचे) वजन जुळते का, कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे निघाला का, या विवंचनेत जानेवारी ते एप्रिल हे चार महिने अर्धवट झोपेतच जातात. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, कारण शेवटचा कंटेनर गेला की दोन दिवस झोपून काढायचे आणि पुन्हा माणसात यायचे, हा बारा वर्षांचा शिरस्ता होता.

या वर्षी मात्र जुलै उजाडला तरी रोज पहाटे साडेतीनला जाग येत होती. मनात ठरावीक अशी कोणतीच काळजी नसे. तरीही हात उशाजवळच्या मोबाइलकडे जाई आणि कोणाचाही मेसेज नसताना मी उजाडेपर्यंत तो चाळत बसे. "भाजीत मीठ जास्त झालंय का हो?" एवढ्या साध्या प्रश्नावर मी पत्नीच्या अंगावर खेकसलो, तेव्हा दोष पित्ताला दिला. आपल्याकडे पित्त फार सोशिक आहे, कशाचेही खापर मुकाट्याने डोक्यावर घेते.

दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, तिथे उलगडा झाला. त्यांनी आरसा हातात देऊन वरच्या दाढांचे उंचवटे जात्याच्या पाळीसारखे सपाट झालेले दाखवले, गालाच्या मागच्या बाजूला बोट दाबून जबड्याचा ताठरलेला स्नायू मला चाचपायला लावला आणि विचारले, "झोपेत दात खाता का? कीड कुठेच नाही." त्यांच्याच सांगण्यावरून रक्तदाब मोजला, तो १४८/९६ निघाला, आठवडाभर पुन्हा पुन्हा मोजूनही फारसा उतरला नाही.

ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेला ताणाचा क्रम आता मला नीट समजतो: आधी शरीर धोक्याची घंटा वाजवते, मग तग धरते आणि ताण हटलाच नाही तर थकून कोलमडते. यातला मधला टप्पा फसवा आहे, कारण तग धरलेल्या माणसाला आपण ठणठणीत आहोत असेच वाटते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत पाणी आले की छातीपर्यंत, यावरून आम्ही नाशिककर गोदावरीचा पूर मोजतो. माझ्या ताणाचीही मी अशी केवळ उंचीच पाहत आलो. पाणी ओसरले का, हे पाहायचे राहून गेले.

अशी लक्षणे थायरॉइडमुळेही दिसतात, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्ताच्या तपासण्या केल्या. त्या ठीक आल्यावर समुपदेशकाकडे पाठवले. तिथली वेळ मिळेपर्यंत मी टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोललो. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन केला तो गंगापूर रोडला गाडी कडेला लावून, कारण घरी बोलायची लाज वाटत होती.

मोबाइल आता रात्री स्वयंपाकघरात असतो. गेल्या आठवड्यात दोनदा थेट सव्वापाचला जाग आली. झोपताना दातांवर बसवायला दिलेल्या नाइट गार्डवर मात्र रोज सकाळी नवे ओरखडे दिसतात. ते घेऊन पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवायला जायचे आहे.