इंजिन केवढ्याला पडलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. एकदा सुरू झालो की घरचे उठून जातात. माझी घरी बनवलेली गो-कार्ट, म्हणजे जमिनीलगतची उघडी छोटी चारचाकी, दिसली की माणूस तिच्याभोवती एक चक्कर मारतो, सीटवर थाप मारतो आणि विचारतो, "इंजिन केवढ्याला पडलं?" त्यामागोमाग, "आणि सगळं मिळून?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तीस हजारांच्या आत. त्यातले नऊ इंजिनाचे. जुन्या शंभर सीसी मोटरसायकलचं आहे, गिअर, कार्ब्युरेटर, वायरिंग सगळ्यासकट. भंगारात याहून स्वस्त मिळतं, पण इंजिन नंबर आणि कागद जुळत नसतील तर फुकट दिलं तरी घेऊ नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर वाचलेले पैसे चौकीच्या खेपांत जातील.

पण खरं सांगू का, इंजिन हा यातला सगळ्यात सोपा भाग. ते कंपनीनं बनवून ठेवलंय, आपण फक्त बोल्ट आवळायचे. १९५६ साली अमेरिकेत आर्ट इंगल्सनं पहिली कार्ट केली तीसुद्धा गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. पैसा आणि डोकं दोन्ही खातो तो मागचा एक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा.

मोटारीत इंजिन ज्या दोन चाकांना फिरवतं त्यांच्यामध्ये डिफरन्शियल असतं, त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरू शकतं. कार्टला ते नसतं. दोन्ही चाकं एकाच बारवर घट्ट. मग वळायचं कसं? आतलं मागचं चाक जमिनीवरून जरासं सुटलं पाहिजे. त्यासाठी पुढच्या किंगपिना (ज्या खिळीवर चाक वळतं त्या) मागे कलत्या ठेवतात. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि त्याच बाजूचं मागचं हलकं होतं. सस्पेन्शन नसतंच, फ्रेमच थोडी पिळली जाते. म्हणून एक इंची गोल पाईप पुरतो. "मजबूत पाहिजे, मजबूत पाहिजे" म्हणत दीड इंची चौकोनी पाईपला आडव्या पट्ट्या ठोकत सुटणारे लोक मी पाहिलेत. त्यांची कार्ट सरळ झकास जाते. वळायला सांगितलं की रुसते.

आता हा एक्सल सोलापुरात स्वस्तात होतो, याचं श्रेय चादरी-टॉवेलांना. यंत्रमाग म्हटले की शाफ्ट, बेअरिंग, गिअर आलेच, आणि ते दुरुस्त करणारे लेथही आले. अक्कलकोट रोडच्या बाजूला असा एक लेथ आहे. पंचवीस एमएमचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी गज) घेऊन मी तिथल्या अण्णांकडे गेलो. इंजिनाच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) चौदा दात, मागच्याला बेचाळीस, असं काय काय कागदावर काढून नेलं होतं. अण्णांनी कागद बघितलाच नाही. "मागाला क्रँकचे दोन फेरे, बॉटम शाफ्टचा एक. तुमच्यात तीनाला एक. त्यात काय एवढं?" म्हणाले आणि बार चकमध्ये धरला. इंजिनीअरिंगला असलेला शेजारचा पोरगा सोबत होता. तो म्हणाला, कीवे (चावी, म्हणजे लोखंडी पाचर, बसवायची खाच) कशाला पाडायचा, ग्रब स्क्रूवर (नुसत्या आवळायच्या स्क्रूवर) भागेल, पैसे वाचतील. अण्णांनी मशीन बंद केलं. "ब्रेकची डिस्क कशावर बसणार बे?"

तर ब्रेक याच बारवर. दोन्ही चाकं एकाच एक्सलवर असल्यामुळे एका डिस्कमध्ये दोन्ही थांबतात, ही बिनडिफरन्शियलच्या गाडीची मोठी बचत. पण चावी तुटली तर ब्रेक दाबून उपयोग शून्य, डिस्क जागेवर थांबेल आणि बार तिच्यात नुसता गरगरणार. म्हणून माझा हिशेब उलटा आहे: सीटसाठी प्लास्टिकची खुर्ची पाय कापून वापरली, रंग उरलेला मारला, पण बार, तो पेलणारी दोन पेडेस्टल बेअरिंगं, कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा चिमटा) आणि टायरॉडचे (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्यांचे) बॉल जॉइंट कोरे करकरीत घेतले. भंगारातला बॉल जॉइंट घेणाऱ्याशी मी या विषयावर बोलत नाही.

चाकं स्कूटरची, दहा इंची. टायर धरून व्यास साधारण त्रेचाळीस सेंटिमीटर. मोटरसायकलचं चाक साठच्या आसपास. म्हणजे स्प्रॉकेट तीच ठेवली तरी ऐंशीची गाडी सत्तावन्नवर येते आणि त्याच प्रमाणात जास्त जोरात उठते. जमिनीपासून चार बोटांवर बसून सत्तावन्न म्हणजे काय ते बसल्यावरच कळतं. "अजून पळेल का" असं विचारणारे सगळे उभे असतात.

एक गोष्ट आपल्या गावापुरती. मोटरसायकलचं इंजिन समोरच्या वाऱ्यावर गार होतं. ते सीटच्या पाठीमागे लपवलं की वारा अडतो, आणि मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे असताना ते तापून बसतं. मी ते सीटच्या उजव्या अंगाला, उघड्यावर बसवलंय. स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो. नव्यानं करणाऱ्यानं त्याचा विचार करावा, गिअरची कटकटही वाचते. फक्त ते इंजिन आपल्या चाकासकट येतं, एक्सलला जोडायचं तर काम वाढतं. चेनवर पत्र्याचं झाकण आणि हाताशी इंजिन बंद करायचं बटण मात्र दोन्ही प्रकारच्या इंजिनांना हवंच. ओढणी, मफलर, नाडी, चेनला काहीही चालतं.

आणि हो, "रात्री होटगी रोडला काढू या की!" नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि घरात वेल्डिंग केलेल्या या गाडीला आरटीओ नंबर देणार नाही. ओळखीच्या एका कारखान्याचं आवार आहे, रविवारी बंद असतं, मालकाची परवानगी आहे. ऊन चढायच्या आत तिथेच चालवतो. बघायला यायचं तर या. बूट घालून या, हेल्मेट आपापलं आणा.